उंबऱ्यातले खिळे

पस्तीस-छत्तीस सालची गोष्ट. इंदापुरातलं आमचं तीन खणांचं घर कुणी विकत घ्यायला धजत नव्हतं. कारण सगळ्या आळीला ठाऊक होतं. माझी आई त्या घरात बाळंतपणात गेली, पोटातलं पोरही तिच्याबरोबरच गेलं. अशी बाई माघारी येते म्हणतात. म्हणून तिला नेताना मागं राळ्याचे दाणे उधळले आणि ती दाराबाहेर पडताच उंबऱ्यात घोड्याच्या नालेचे खिळे ठोकले. ठोकण्याचा आवाज मी आतून ऐकला.

पुढं आबांनी दुसरं लग्न केलं. नव्या आईला मी मावशी म्हणायचे. बाई वाईट नव्हती, पण त्या घरात तिचा जीव कधी रमला नाही. दिवस गेल्यावर तर तिनं आबांच्या मागं लकडाच लावला, "माजं बाळंतपण ह्या घरात नगं. आधी घर इका." आबांनी सणसरला कालव्याकाठी जागा बघितली. बारामतीचे एक बागवान नवरा-बायको आमचं घर बघायला येणार असं ठरलं. ते परगावचे, त्यांच्या कानावर काही आलेलं नव्हतं.

मग घर नटवायची धांदल उडाली. भिंतींना चुना दिला, दाराला तेल चोळलं, फुटकी मडकी परसात नेऊन टाकली. सगळं झाल्यावर आबा उंबऱ्याशी थबकले.

"हे काढाय पायजेत," ते म्हणाले.

"नगा," मावशीचा चेहरा पडला. "गिऱ्हाईक येऊन जाऊस्तवर बी नगा काढू."

"खिळं बघून गिऱ्हाईक दारातनंच माघारी फिरंल. मग बस हितंच."

आबांनी पकडीनं एकेक खिळा ओढून काढला. लाकूड करकरलं. भोकांत मेण आणि काजळ भरलं, ते मीच भरलं. मावशी भेदरली होती. मला मात्र, खरं सांगते, आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

संध्याकाळी आम्ही दोघींनी जमीन सारवली. आई ज्या कोपऱ्यात बाजेवर होती, तिथवर आल्यावर मावशी कंबर धरून उठली. "ऱ्हाऊ दे, सकाळच्याला करू," म्हणाली. त्या कोपऱ्याला ती नेहमीच टाळायची.

सकाळी शेण कालवायला घेण्याआधी मी आत गेले, तर कोपरा सारवलेला. अजून ओला होता. हाताच्या कमानी एकाखाली एक नीट उमटल्या होत्या, पण उलट्या बाजूला झुकलेल्या. माझी आई डावखुरी होती. डाव्या हातानं घर सारवते म्हणून शेजारणी तिला बघून नाकं मुरडायच्या.

"तू केलंस व्हय गं?" मावशीनं दारातूनच विचारलं.

"न्हाय."

तिनं माझे हात उलटसुलट करून बघितले. ते कोरडे होते. तेवढ्यात बाहेर गाडीच्या बैलांच्या घुंगरांचा आवाज आला.

बागवानाची बायको मोठी प्रेमळ. घरभर हिंडून ती नेमकी त्या कोपऱ्यात थांबली. "हितं किती गार वाटतंय! आनि सारवन तर बघा. कुनाचा हात म्हनायचा ह्यो?"

"माजाच," मावशी म्हणाली. तिनं हात पदराखाली घेतले. घर त्यांना पसंत पडलं.

सणसरला पोचलो तेव्हा आबांनी मला आधी आत जायला सांगितलं, मग मावशीला. नंतर बंडीच्या खिशातून ते जुनेच खिळे काढले आणि नव्या उंबऱ्यात ठोकायला बसले. मावशीच्या जिवात जीव आला. पुढं ती सुखरूप बाळंत झाली, मला भाऊ मिळाला, त्याच्यावर माझा जीवही फार. पण त्या दिवशी मला आबांचा असा राग आला होता की मी त्यांच्या हातचं पाणी प्याले नाही.

खिळे आपल्या रक्षणासाठी असतात, असं सगळे सांगत. आईपासून मला कशासाठी वाचवायचं, ते मात्र कुणी सांगितलं नाही. तिनं रात्रीतून कोपरा सारवून दिला, घर विकलं जावं म्हणून, आणि आम्ही तिला तिथंच परक्यांच्या घरात ठेवून आलो. ठोकण्याचा आवाज दुसऱ्यांदा ऐकला, तेव्हाही मी आतच होते.