कुडापलीकडची आई

बाबांचा श्वास थांबला तेव्हा कुडाच्या पलीकडे आई बाळाला पाजत होती. रत्नागिरीला मांडवीच्या किनाऱ्यावर दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड होतं. तापाने फणफणलेले बाबा बाहेरच्या खोलीत आणि ओली बाळंतीण आतल्या खोलीत. मी रडायला तोंड उघडलं तशी घरमालकिणीने त्यावर हात दाबला. “गप ऱ्हा गो! आयशीला कळलं तर दूध आटेल, पोर जाईल.” तिच्या हाताला सुक्या बोंबलांचा वास होता. आतून ओव्याची धुरी येत होती. भरतीच्या आवाजात माणसांची कुजबुज झाकली, पण अंगणात तिरडीचे बांबू तोडायला लागले ते झाकेना. “कसली गं ठोकाठोक?” आईने आतून विचारलं. मी म्हटलं, “नारळ उतरवतायत.” “मग एक शहाळं मागून घे. बाबांना पाज, ताप उतरेल.” मी बरं म्हटलं. “आणि दार उघड जरा, मुलगा दाखवते त्यांना लांबूनच.” मालकिणीने हळूच कडी घातली. “झोपलेत ते,” मी म्हटलं, आणि तेवढ्यात त्यांना उचललं. नऊ दिवस ‘ताप आहे’ म्हणून ढकलले, पण दहाव्याला बांगड्या फोडायच्या म्हणून आईला सांगावंच लागलं. दूध आटलं. भाऊ महिनाभर वरच्या दुधावर तगला आणि गेला, त्याच्यामागून आईही गेली. मी अजून ओवा घरात आणू देत नाही. सुना कारण विचारतात, मी सांगत नाही. आमच्या चौघांत मी तेवढी जगले.