दगडाबाईंनी मंजूर केलेला ठराव

बहात्तरच्या दुष्काळात पालीच्या दगडाबाई खडी फोडायला म्हणून गेल्या आणि पुरातत्त्वाच्या खोदकामावर लागल्या. तिथल्या साहेबांना जे पुस्तकातून कळायचं, ते या बाईला चिमटीत माती चोळून कळे. इथं भिंत होती, इथं चूल, इथं नुसता गाळ. पंधरा वर्षांनी शहादेवराव नावाच्या प्राध्यापकानं बीडला सल्लागार पुरातत्त्वज्ञांचा संघ काढला. तलाव असो की साखर कारखाना, बांधकामाआधी जमीन तपासून दाखला द्यायचा, हे संघाचं काम. नोंदणीला सात सभासद लागत, जमले सहा. मग काय, दगडाबाईंचे उंबरे झिजवले! सही करायला त्या तेव्हाच शिकल्या.

कारखाने वाढले तसा संघही फुगला. साताचे सत्तर झाले. नवे पदवीवाले दगडाबाईंच्या शेजारी खड्ड्यात बसून माती ओळखायला शिकले आणि वर आल्यावर त्यांनाच ओळखेनात. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

मग एका कारखान्याला साठवण तलावासाठी पांढरीचं टेकाड हवं झालं. पांढरी म्हणजे उठून गेलेल्या जुन्या गावाची माती. तलाव दोन शेतं पलीकडे झाला असता, पण ते रान पडलं चेअरमनचं. दगडाबाईंनी चाचणीचा खड्डा घेतला, तर एकीखाली एक चार चुली निघाल्या. खड्डा घेणाऱ्या सभासदाच्या सहीशिवाय दाखला जात नसे. ‘काही निघालं नाही’ यावर सही करा म्हणून शहादेवराव तीनदा घरी येऊन गेले. बाई हटल्या नाहीत. सभेत सगळ्यांसमोरच चुलींचं सांगायचं, असं त्यांनी ठरवलं.

सभा तरी कसली? निम्मे सभासद कारखान्याच्या सभांत वाढलेले. वरून ठराव पुटपुटायचा, खालून ‘मंजूर, मंजूर’ म्हणून गिल्ला करायचा. ऐकतो कोण! दगडाबाईंनाही तीच खोड लागलेली. आपला विषय कधी येतो याची वाट बघत त्याही प्रत्येक ठरावाला मंजूर म्हणत होत्या. पाचवा ठराव झाला तशा त्या बोलायला उठल्या.

शहादेवराव म्हणाले, “बसा, बाई. ज्याला पदवी नाही त्याचं सभासदत्व रद्द, असा आत्ताच ठराव झाला. तुम्हीच मंजूर म्हणालात.”

सांगताना आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो, पण दगडाबाईंचा आवाज चढला नाही.

“व्हय, म्हणले. तुमी वाचत हुता म्हणून भरवशावर ऱ्हायले, ऐकलं न्हाई.”

आठ दिवसांत टेकाडावर पोकलेन आलं. दाखल्यावर शहादेवरावांची सही होती: चाचणीचा खड्डा मी स्वतः घेतला, काही निघालं नाही.