पितळ निघेल म्हणून

तुमसरला बाजारामागच्या वस्तीत राईस मिलची धूळ बारा महिने छपरांवर बसलेली असते. त्या वस्तीत टिकारामच्या घराला लोक गाड्यावाल्याचं घर म्हणत. नवा पाहुणा दारात मोटार शोधी आणि त्याला दिसे भिंतीला टेकलेली एक सायकल. गाड्या होत्या त्या आत, समोरच्या खोलीत, काचेच्या कपाटात. तळहातावर मावतील एवढ्या, धातूच्या, चाकं फिरणाऱ्या, दारं उघडणाऱ्या.

टिकाराम पोरवयात होता तेव्हा रविवारी सकाळी टीव्हीवर एक मालिका लागे. एक डॉक्टर निळ्या जीपमधून खेडोपाडी फिरे. त्याच्या वाटेत सावकाराची काळी मोटार येई, पोलिसांची गाडी येई, दुधाचा ट्रक येई. साऱ्या गावाची पोरं तेव्हा एकाच टीव्हीपुढे मांडीला मांडी लावून बसत. मालिका संपली, वर्षं गेली, आणि मग कोण्या कंपनीनं त्याच गाड्यांची मॉडेलं काढली, थोडीच. टिकारामनं ती एकेक करून मिळवली, कधी नागपूरच्या दुकानातून, कधी कुणाच्या अडगळीतून. निळी जीप सगळ्यात शेवटी आली. तिच्या दारावर डॉक्टराचं नाव बारीक पांढऱ्या अक्षरांत होतं, आणि रंग कंपनीतून निघाला तसाच. गाड्या जमवणाऱ्यांत मूळ रंगाला मान असतो. चाक तुटलं तर चालतं, रंग गेला की गाडी गेली.

पाहुणा आला की टिकाराम कपाट उघडी आणि मालिकेतल्या गोष्टी सांगे. मिलमध्ये दिवसभर मोजकं बोलणारा हा माणूस तेव्हा फुलून येई. त्याची बायको रुखमिणी चहा देऊन आत जाई. तिनं कपाटाला कधी हात लावला नाही. बाहेरून काच पुसायची, एवढंच.

रुखमिणीचं माहेर भंडाऱ्याचं. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्याच उन्हाळ्यात ती लग्न होऊन तुमसरला आली. बापाचं पितळी भांड्यांचं काम, अंगणातच भट्टी. लोक जुन्या समया, पाण्याचे जुने गुंड उजळायला आणून देत. कितीकांवर कुणीतरी ऑइलपेंट मारून ठेवलेला असे. चिंच लावायची, राख आणि विटेचा चुरा घ्यायचा, नारळाच्या शेंडीनं घासत राहायचं. हळूहळू रंग सुटे आणि खालून पिवळंधमक पितळ वर येई. रुखमिणीचं लहानपण या कामात गेलं. तिच्या बोटांच्या पेरांवर चिंचेनं पडलेल्या भेगा पुढं कधी पूर्ण भरल्या नाहीत.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर एका दसऱ्याला टिकाराम सकाळीच मिलमध्ये गेला, यंत्रांच्या पूजेला. गल्लीत जो तो आपली मोटरसायकल धुऊन झेंडूची माळ घालत होता. रुखमिणीनं सायकल धुतली, तिला हळदकुंकू लावलं. मग तिच्या मनात आलं, आपल्या घरी तर एवढ्या गाड्या आहेत आणि त्यांची पूजा कधीच झाली नाही. कपाटाला कुलूप नव्हतं. तिनं पाट मांडला, गाड्या ओळीनं ठेवल्या आणि निळी जीप पहिली हातात घेतली. हाताला धातूचं वजन लागलं. रंगाखाली पितळ असणार, हे तिच्या हातांना कुणी सांगावं लागलं नाही. नवऱ्याची गाडी सणाला उजळून द्यावी म्हणून तिनं चिंच भिजवली.

टिकाराम घरी आला तो रुखमिणीचा धाकटा भाऊ वीरेंद्र याच्यासोबत. सोनं द्यायला तो भंडाऱ्याहून आला होता. बापामागं भट्टी तोच चालवी. दोघं अंगणात शिरले तेव्हा रुखमिणी जीप पदरानं पुसत होती. दारावरचं नाव गेलं होतं. निळा रंग कोपऱ्याकोपऱ्यात तेवढा उरला होता आणि बाकी सारी गाडी करडी, निस्तेज, शिशाच्या रंगाची. ती स्वतःच चकित झाली होती. "पितळ निघन म्हणून घासत गेली," ती म्हणाली, "हे तं भलतंच निघालं जी."

टिकारामनं जीप तिच्या हातातून ओढून घेतली. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो थंडपणे म्हणाला, "भांडेवाल्याची पोरगी तू. घासण्याबिगर तुले कधी काही आलं का?"

वीरेंद्र मूठभर आपट्याची पानं घेऊन तसाच उभा होता. त्यानं ती टिकारामच्या हातावर ठेवली, वाकून नमस्कार केला आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघाला. तुमसर रोडहून त्याची गाडी संध्याकाळची आहे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. पुरणाची पोळी झाकलेली राहिली.

रुखमिणीनं उरलेल्या गाड्या जशा होत्या तशा कपाटात ठेवल्या. रडली नाही, अबोलाही धरला नाही. जेवायला वाढी, डबा भरून देई, काय आणायचं ते सांगे. फक्त दिवाळी जवळ आली तरी भाऊबीजेचं नाव काढीना. आजवर एक भाऊबीज चुकली नव्हती. वीरेंद्र येई, रात्री मुक्काम करी, बहीणभाऊ अंगणात बसून बापाच्या आठवणी काढत. टिकाराम वाट पाहत होता की ती म्हणेल, वीरेंद्रसाठी अमुक आणा. ती म्हणाली नाही. मिलच्या पट्ट्याचा आवाज दिवसभर कानात घुमे आणि त्या आवाजात त्याला आपलंच वाक्य ऐकू येई. रंगाचं दुःख चार दिवसांत विरलं होतं. वाक्य मात्र राहिलं होतं.

शेवटी एका सुटीच्या दिवशी तो भंडाऱ्याला गेला. वीरेंद्र अंगणात परात ठोकत बसला होता. त्यानं पाणी दिलं, बसायला बाज दिली. टिकाराम भट्टीकडं पाहत म्हणाला की भाऊबीजेला या.

वीरेंद्रनं हातोडी खाली ठेवली. रागावला नाही तो. शेजारच्या घराकडं बोट दाखवून त्यानं एक जुनी गोष्ट सांगितली. त्या घरी टीव्ही होता. रविवारी सकाळी डॉक्टराची मालिका लागे. पण सोमवारी माल द्यायचा असे, बाप कुणाला उठू देत नसे. रुखमिणी इथंच, या भिंतीशी बसून घासायची आणि कान तिकडं लावायची. जीपचा हॉर्न वाजला की हात थांबायचा तिचा. बाप रागवायचा.

"ताईनं ते मालिका कधी पाह्यली नाही जवाईबापू," वीरेंद्र म्हणाला. "नुसती आयकली. हे तिनं तुमाले सांगतलं नाही का?"

 सांगायला तिला कुणी विचारायला हवं होतं. इतकी वर्षं तो पाहुण्यांना गोष्टी सांगत आला आणि ती आत चुलीशी बसून पुन्हा नुसती ऐकतच राहिली. त्या दिवशी पाटावरच्या सगळ्या गाड्यांतून तिनं जीपच का उचलली, तेही त्याला आता कळलं.

"माहं चुकलं," तो म्हणाला.

"मले काहून सांगता? तिले सांगा जी. तिनं बलावलं तं मी येतोच."

घरी येऊन त्यानं आपलं चुकलं असं रुखमिणीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. तशीच म्हणाली, "वीरेंद्रले बलावतो मी. पण बोलले तुमी त्याच्यासमोर होते. मंग हेही त्याच्यासमोरच बोला."

भाऊबीजेला वीरेंद्र आला. पाट मांडला, तबकात दिवा लागला. रुखमिणी ओवाळायला उभी राहिली तेव्हा टिकाराम पुढं झाला.  मग जमिनीकडं पाहत त्यानं सांगितलं, "दसऱ्याले मी जे बोललो ते तुमच्या बापाच्या कामाले लागलं, तुमच्या ताईच्या हाताले लागलं. बोलाले नव्हतं पाह्यजे. माह्या तोंडाले लाज वाटाले पाह्यजे होती."

जाऊ द्या, असं कुणी म्हटलं नाही. रुखमिणीनं भावाला ओवाळलं, कपाळाला टिळा लावला आणि पानं वाढायला घेतली.

अर्धं जेवण झाल्यावर वीरेंद्रनं विचारलं, "तो डॉक्टर शेवटी गावातच राह्यते का जी, का शहरात चालला जाते? आमच्या बाजूचे लोक टीव्ही इकून गेले, शेवट आयकालेच भेटला नाही."

टिकारामनं बायकोकडं पाहिलं. तिच्या हातात वरणाची पळी होती. ती आत गेली नाही. पळी भांड्यात ठेवून तिथंच, भावाच्या पाटाशेजारी, भिंतीला टेकून बसली.

"शेवट मंग सांगतो," टिकाराम म्हणाला. "पहिल्यापासून सांगतो."

तो सांगू लागला. पण पाहुण्यांपुढं फुलायचा तो आवाज आज वर चढेना. मांडीवर एकावर एक ठेवलेले तिचे हात त्याच्या समोर होते आणि तिकडं पाहायचं त्याचं धाडस होत नव्हतं.