विसावी स्पर्शिका

सहा वर्षांपूर्वी, जानेवारीतल्या एका मंगळवारी दुपारी, नव्या जातीच्या समुद्रकाकडीची एक स्पर्शिका माझ्या चिमट्याने तुटली. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते आहे.

छत्रपती संभाजीनगरातली प्राणिशास्त्राची एक प्रयोगशाळा. समुद्र इथून रात्रभराच्या प्रवासावर. तरी त्याचा तळ आमच्याकडे काचेच्या बरणीत आला होता – ऊन कधीच पोचत नाही तिथला, वीतभर लांबीचा प्राणी, म्हणजे ती समुद्रकाकडी, अल्कोहोलमध्ये. असा प्राणी गाळावरून सावकाश चालतो, तोंडाभोवतीच्या बोटांसारख्या स्पर्शिकांनी गाळ उचलून खातो. दुपारचं ऊन बरणीतून गेलं की भिंतीवर फिकट जांभळा डाग हलायचा. त्या डागाकडे बघत मी किती वेळ बसायचे, याची नोंद नाही.

कातडीचा कण ब्लीचमध्ये टाकला की मांस विरून जायचं आणि तळाशी उरायची – चाकं. काचेसारखी, आरे असलेली, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी हजारो चाकं. सूक्ष्मदर्शकाखाली ती तरंगत यायची. तशी चाकं आधी कुणी नोंदवलेली नव्हती. म्हणजे जात नवी, हे पक्कं. राहिलं होतं वर्णन, आणि त्यासाठी तोंडाभोवतीच्या स्पर्शिकांचा आकडा.

मोजणीची आमच्याकडे एक रीत होती. दोघींनी वेगवेगळं मोजायचं, एकमेकींचा आकडा बघायचा नाही. जुळलं नाही तर सर तिसऱ्यांदा मोजणार. तो आकडा शेवटचा.

सकाळी संगीताने मोजलं. संगीता मुकुंदवाडीची, घरातली पहिली एम.एस्सी. नव्या जातीवरच्या आमच्या लेखावर तिचं नाव येणार होतं – तिचा पहिला लेख. दुपारी मी बसले. कातडीची एक घडी उलगडताना चिमटा सरकला. आवाज झाला नाही. इवलासा तुकडा द्रवात वर आला, हळूहळू फिरत राहिला – सुंदर दिसत होता, हे सांगायला हवं का? मी तो एका कुपीत घातला. कुपी पर्समध्ये. मग उरलेल्या स्पर्शिका मोजल्या. एकोणीस. तेच लिहिलं.

यात खोटं कुठे होतं? मी आधी तीन वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली होती. स्वतः मोजल्याशिवाय आकडा लिहायचा नाही, हे तिथे शिकले. मी मोजूनच लिहिला होता.

नमुना एकच होता. तो मी बिघडवला असं कळलं असतं, तर बरणीजवळ पुन्हा बसायला मिळालं नसतं.

संगीताचा आकडा उघडला – वीस. सरांनी मोजलं – एकोणीस.

"काय गं, एक घरी नेलीस की काय?" सर हसले.

"नाय सर, वीसच होत्या. लई सावकाश मोजल्या मी." मग माझ्याकडे वळून, "ताई, तुम्ही तरी सांगा की."

मी सूक्ष्मदर्शकात बघत होते. चाकं तरंगत होती. एक, मग दुसरं, मग –

"वीसपर्यंत मोजता येत नाही, तिचं नाव लेखावर कसं टाकू?" सर म्हणाले. आता ते हसत नव्हते.

लेख छापून आला. माझं नाव दुसरं. संगीताचं नाही. तिने पीएच.डी. सोडली, आता ती सोयगावला ज्युनिअर कॉलेजात शिकवते. गेल्या हिवाळ्यात वेरूळला दिसली, मुलांची सहल घेऊन आली होती. बसमध्ये ती मुलांची मोजणी करत होती. मोजून खाली उतरली, पुन्हा चढली, पुन्हा मोजली.

"माझ्या मोजण्याचं काय खरं नाय, ताई," ती हसून म्हणाली. "दोनदा मोजलेलं बरं."

आणि मी काय म्हणाले? चांगली सवय आहे – असं म्हणाले.

कुपी माझ्या कपाटात आहे. स्पर्शिका पांढरी पडली आहे. परवा तिचा एक कण ब्लीचमध्ये टाकून पाहिला. चाकं तीच.

प्रयोगशाळेच्या नोंदवहीत, त्या मंगळवारच्या पानावर, 'वीस' खोडून 'एकोणीस' केलेलं आहे. खाली सही संगीताची आहे.