मुलाचेही हात दाखवा

मधुमती आगटे यांना राग यायला फारसं कारण लागत नसे. ताकात पाणी जास्त झालं तरी येई, रेडिओवरच्या निवेदकाने एखादं नाव वेडंवाकडं उच्चारलं तरी येई. पण खरा संताप व्हायचा तो समोर बसलेल्या बाईने हात पुढे करून "मला टोकदारच हवीत हं" असं म्हटलं की.

"का?" त्या विचारत.

"सिनेमातल्या नट्यांची असतात ना, तशी."

"तुमची बोटं आधीच लांबसडक आणि बारीक. त्यांना टोकं काढलीत तर घारीचे पंजे दिसतील. तुम्हाला कडा सरळ हव्यात, कोपरे जरासे मोडलेले. द्या इकडे हात."

आणि बाई निमूटपणे हात देत असे.

१९५४ साली मधुमतीबाईंचे यजमान नीलकंठराव जयपूरच्या मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवायला आले, तेव्हा त्याही पुणं सोडून आल्या. पुण्यात कॅम्पात राहत असताना शेजारच्या डिमेलोबाईंकडून त्या नखांची निगा शिकल्या होत्या. सी-स्कीममधल्या भाड्याच्या घराचा व्हरांडा उत्तरेकडे होता, उन्हाळा सोडला तर दुपारी तिथे बसता येई. प्राध्यापकांच्या बायका, डॉक्टरांच्या बायका, छावणीतल्या एखाद्या मेजरची बायको, अशा चारचौघी तिथे जमत. बारीक कानस, लिंबाची फोड, ग्लिसरीनची बाटली आणि कोमट पाण्याचं भांडं एवढाच सरंजाम. पैशांचा प्रश्नच नव्हता, कुणी काढलाच असता तर त्यावरूनही राग आला असता.

त्या आधी बाईचा तळवा बघत, मग बोटांची पेरं, मग नखांची मुळं. आखूड आणि रुंद नखांना लंबगोल आकार, बोटाच्या टोकापेक्षा किंचित पुढे, आणि रंग लावताना दोन्ही बाजूंना बारीक पट्टी कोरी ठेवायची, म्हणजे नख निमुळतं दिसतं. पेरं जाड असली तर बदामी आकार, पण बेताचा. लहानशा हाताला लांब नख नकोच. "हाताला काय शोभतं ते हातच सांगतो," असं त्या म्हणत. हाताच्या मालकिणीला काय हवंय हे विचारायची पद्धत त्यांच्याकडे नव्हती.

५७ सालच्या दसऱ्यानंतर एका दुपारी सुमित्राबाई घाणेकर आपल्या मुलीला घेऊन आल्या. त्या मागच्याच गल्लीत राहत, त्यांचे यजमान गोविंदराव विद्यापीठात इतिहास शिकवत. जयंती त्यांची थोरली. बी.एस्सी. होऊन नुकतीच एम.एस्सी.ला गेली होती. आदल्या वर्षी प्रयोगशाळेत काचेची नळी फुटून तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना खोल जखमा झाल्या होत्या. नवी नखं आली ती खडबडीत, एका अंगाला झुकलेली.

"ग्वाल्हेरचे लोक रविवारी येतायत," सुमित्राबाई म्हणाल्या. "मुलगा इंजिनियर आहे, शशिकांत नाव. त्याच्या आईने निरोपात सांगितलंय, मुलीचे हातपाय नीट बघून घेऊ. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलेलं दिसतंय. तुम्ही काहीतरी करा वहिनी. लांब करा, गडद लाल रंग लावा, झाकून जाईल."

मधुमतीबाईंनी कानस खाली ठेवली. "झाकायला काय, चोरी केलीय तिने?"

"तुम्हाला मुलगी नाही, तुम्हाला कळायचं नाही."

हे बोलणं मधुमतीबाईंना लागलं. त्या उत्तर देणार होत्या, पण जयंती तिच्या हिंदीमिश्रित मराठीत मधेच म्हणाली, "काकू, करा ना. मला मतलब... नीट दिसायला हवीत, बस."

मग त्यांनी काम हातात घेतलं. दुखावलेली नखं वाढवली असती तर वाकडेपणा आणखी उठून दिसला असता, म्हणून त्यांनी दहाही नखं आखूड केली आणि सगळ्यांना एकसारखी गोलाई दिली. रंग लावला तो कातडीच्या जवळचा, फिकट गुलाबी. "गडद रंग खडबडीत नखावर ओरडतो," त्यांनी सुमित्राबाईंना बजावलं. जयंतीने हात उजेडात धरून पाहिले. बऱ्याच दिवसांनी तिने ती दोन बोटं मुठीत दुमडली नव्हती.

रविवारी मदतीला म्हणून मधुमतीबाई घाणेकरांकडे गेल्या आणि जयंती चहा घेऊन बाहेर आली तेव्हा त्यांच्या कपाळाची शीर उठली. दहाही नखांवर लालभडक रंग थापलेला होता. सुमित्राबाईंना आयत्या वेळी धीर धरवला नव्हता. रंग कडांबाहेर गेला होता आणि त्या दोन नखांवरच्या खाचांमध्ये साचून काळपट दिसत होता. दारातून आत येणाऱ्या माणसाची नजर आधी तिथेच जाईल!

बैठकीत शशिकांत, त्याची आई विजयालक्ष्मीबाई आणि एक मामा बसले होते. कचोऱ्या झाल्या, चहा झाला. मग विजयालक्ष्मीबाई म्हणाल्या, "इकडे ये गं. हात बघू."

जयंतीने हात पुढे केले. बाईंनी ते उलटे केले, सुलटे केले, भाजीच्या गाडीवर भेंडी पाहावी तसं एकेक बोट चिमटीत धरून दाबलं. उजव्या हाताच्या त्या बोटापाशी त्या थांबल्या, आणि आपल्या अंगठ्याच्या नखाने जयंतीच्या नखावरचा रंग खरवडायला लागल्या. लाल पापुद्रे बशीत पडत होते. जयंतीचा चेहरा पांढरा पडला. गोविंदराव चष्मा पुसत होते, सुमित्राबाई ट्रेकडे बघत होत्या, मामा खिडकीबाहेर बघत होते.

"असं आहे होय," विजयालक्ष्मीबाई म्हणाल्या. "रंगाखाली बरंच काही ठेवतात लोक."

मधुमतीबाई उभ्या राहिल्या. "सोडा तिचा हात."

"आपण कोण?"

"शेजारीण. बघून झालं ना? आता मुलाचेही हात दाखवा."

शशिकांतने हात मांडीखाली सरकवले.

"लपवू नका. तिने नाही लपवले. ठेवा टेबलावर."

आणि काय वाटलं कुणास ठाऊक, त्याने खरंच ठेवले. नखं मुळापर्यंत कुरतडलेली होती, करंगळीच्या कडेला रक्त सुकलेलं होतं.

"तिची नखं काचेने गेली," मधुमतीबाई म्हणाल्या. "ह्यांची कुणी खाल्ली?"

"पुरुषाचे हात कोण बघतं!" विजयालक्ष्मीबाई ओरडल्या.

"मी बघते. संसार काय एकाच्याच हातांनी व्हायचाय?"

पाहुणे उठले. दारात टांगा उभाच होता. तो वळायच्या आत सुमित्राबाई मधुमतीबाईंवर तुटून पडल्या. "आमचं घर, आमची मुलगी, आणि जीभ तुमची! मोडलंत ना लग्न? झालं समाधान?"

"मी मोडलं? तुम्ही तो भडक रंग..."

"पुन्हा पाऊल ठेवू नका इथे!"

घरी येऊन मधुमतीबाईंनी नीलकंठरावांना सगळं सांगितलं, सांगताना हातवारे करत पाण्याचा पेला उलटा केला. "कान धरून उभं करायला हवं होतं त्या बाईला! आणि गोविंदराव, इतिहास शिकवतात म्हणे, चष्मा पुसत बसले!"

नीलकंठरावांनी सगळं ऐकून घेतलं. "आणि जयंती काय म्हणाली?"

पाहुणे उठल्यापासून मधुमतीबाईंनी जयंतीकडे पाहिलंच नव्हतं.

दोन दिवसांनी ती आपणहून आली. मधुमतीबाईंना वाटलं, आभार मानायला आली असेल. त्यांनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

"काकू, मी बोलणार होते."

"कधी? हात खरवडून निघाल्यावर?"

"तोंड उघडलंच होतं मी. तेवढ्यात तुम्ही उठलात. तो राग माझा होता काकू. तुम्ही घेऊन टाकलात. आता सगळीकडे काय म्हणतात ठाऊक आहे? आगटेबाईंनी लग्न मोडलं. जयंतीने मोडलं असं कुणीच म्हणत नाही. बाईने मला भाजीसारखं धरलं, आईने मला रंगवलं, आणि तुम्ही माझ्यातर्फे भांडलात. मतलब, ह्या सगळ्यात मी होते कुठे?"

एवढं बोलून ती निघून गेली. मधुमतीबाईंचा संताप झाला. ज्या मुलीसाठी शेजार तुटला तिने हे ऐकवावं! त्या दिवशी त्यांनी भाजी करपवली, आणि आलेल्या दोघी बायकांची नखं न बोलता, नेहमीपेक्षा घाईने केली. तसंही व्हरांड्यात येणाऱ्या कमीच झाल्या होत्या. मुलीवाल्या तर फिरकतच नव्हत्या. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र जयंतीचं शेवटचं वाक्य त्यांना काही केल्या खोडून काढता येईना, आणि त्याचाही त्यांना राग आला.

दिवाळीनंतर ते मामा एकटेच ग्वाल्हेरहून घाणेकरांकडे आले. मुलाने हट्ट धरला होता, करीन तर हीच मुलगी करीन. विजयालक्ष्मीबाई तयार झाल्या होत्या. अट एकच, ती आगटेबाई लग्नाच्या मांडवात दिसता कामा नये.

सुमित्राबाईंनी देवापुढे साखर ठेवली. एवढ्यात जयंती बाहेर आली आणि मामांसमोर बसली.

"मामा, मला हे लग्न करायचं नाही," ती म्हणाली. "शशिकांतच्या आईंनी माझा हात धरला होता तेव्हा ते समोरच बसले होते. हट्ट तेव्हा धरायचा. आता मला त्याचा उपयोग नाही. आणि हे आगटेकाकूंनी नाही, मी सांगतेय. तिकडे तसंच सांगा."

सुमित्राबाई रडल्या. गोविंदरावांनी या खेपेला चष्मा पुसला नाही. मामांना ते टांग्यापर्यंत पोचवून आले आणि मुलीला एवढंच म्हणाले, "परीक्षेचा फॉर्म भरलास का?"

त्याच संध्याकाळी जयंती आगट्यांच्या व्हरांड्यात येऊन बसली. काय झालं ते तिने सांगितलं. मधुमतीबाईंनी ग्वाल्हेरची अट ऐकली आणि त्या पुन्हा भडकल्या. "मांडवात नको? मला? अगं, मी त्या बाईच्या..."

"काकू," जयंती म्हणाली, आणि त्या गप्प झाल्या. तिने हात टेबलावर ठेवले. "मला ह्या वेळी लांब हवीत. टोकदार."

"वेड लागलंय? तुझी बोटं आखूड, त्यात ती दोन नखं झुकलेली. मुळीच शोभणार नाहीत. आणि प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी तुटतील."

"तुटू देत."

"अगं पण..."

"मला आवडतील काकू."

मधुमतीबाईंनी कानस उचलली, खाली ठेवली, परत उचलली. मग पुटपुटत, नाक उडवत, त्यांनी त्या नखांना निघतील तेवढी टोकं काढून दिली. आपल्या हातून इतकं वाईट काम कधी झालं नव्हतं, असं त्या पुढे कितीतरी वर्षं सांगत. चार-सहा दिवसांत एक नख तुटलंच. जयंतीने बाकीची तशीच ठेवली.

सुमित्राबाईंशी बोलणं सुरू व्हायला मात्र आणखी दोन वर्षं लागली, तेही जयंतीला मुलींच्या कॉलेजात नोकरी लागली तेव्हा पेढे द्यायला त्या दारात आल्या म्हणून. पेढे घेताना मधुमतीबाईंनी त्यांच्या हाताकडे पाहिलं आणि नखं फारच वाढलीत, असं तोंडावर सांगितलं. सुमित्राबाई म्हणाल्या, वाढू देत.