गोखरू सिस्टर

आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टर कोणाला नमस्कार करायच्या नाहीत. दारात उभं राहून आधी पोराचं लसीचं कार्ड मागायच्या, अन् कार्ड सापडत नाही म्हटलं की अशा बघायच्या की आपण पोर नाही, बकरी पाळली आहे. आमच्या रावेरकडच्या गावात बायका त्यांना पाठीमागे गोखरू म्हणायच्या. सिस्टर धुळ्याकडच्या, चिडल्या की अहिराणीवर यायच्या. "बठ्ठा येडा शेतस आठे," म्हणजे इथं सगळेच येडे आहेत, असं पुटपुटत पुढच्या घरी जायच्या.

गोखरू हे नाव त्यांच्याच बोलण्यातून पडलं. अंगणवाडीत आम्हा आयांना बसवून सांगत होत्या, की गोवरच्या विषाणूच्या अंगावर प्रोटीनचे काटे असतात, शेतातून आल्यावर साडीला गोखरू चिकटतं तसा तो पोराच्या पेशीला चिकटतो अन् आत घुसतो. लशीत तोच असतो पण कमजोर केलेला, अंग त्याचे काटे ओळखून ठेवतं अन् खरा आला की काट्यांनाच धरतं. मी नववी नापास. मी विचारलं, "प्रोटीन तर डाळीत असतं ना?" त्या म्हणाल्या, "तुझ्या नखात पण असतं. नखाचं वरण करतेस का?" सगळ्या हसल्या. तेव्हापासून मी त्यांच्यावर दात धरला.

म्हणून माझी पोरगी नऊ महिन्यांची झाली अन् गोवरच्या सुईला त्या आल्या तेव्हा मी तिला आतल्या खोलीत घेऊन बसली, तिच्या तोंडावर हात ठेवून. आधीच्या सुईनं ताप आला होता, सासूबाई नको म्हणत होत्या, अन् मला तर काय, निमित्तच पाहिजे होतं. सासूबाई दारात म्हणाल्या, "पोर चाळीसगावले गेली, आजोळी." आतून पोरगी खोकली. सिस्टर म्हणाल्या, "अक्का, तुमच्या घरात मांजर खोकते का?" अन् निघून गेल्या.

दीड वर्षाची असताना तिला गोवर निघाला. दाराला कडुलिंबाचा पाला लागला, घरात फोडणी बंद, देवी आली म्हणून दवाखाना बंद. पोरगी भट्टीसारखी तापलेली अन् आम्ही शहाणे तिच्या पाया पडतो. चौथ्या दिवशी सिस्टर न विचारता आत आल्या, पोरीला व्हिटॅमिनचा डोस पाजला, सासूबाईंना म्हणाल्या, "बागेत केळीवर व्हायरस आला तर झाड उपटून फेकता. तिथं नाही हात जोडत?"

पुरळ गेलं. आम्ही दहीभात दाखवून देवीला वाटे लावलं, पाहुणे जेवले. सिस्टर तिथंही आल्या, जेवल्या नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हा गोवर नुसता जात नाही. पोरीचं अंग आजवर जे जे रोग ओळखायला शिकलं, त्यातलं बरंच पुसून जातो. आता काही महिने कोणतंही दुखणं तिला नवंच. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडला की जळगाव गाठायचं. कोणाला विचारत बसू नको, तुमच्या घरात विचारण्यासारखं कोणी नाही."

तीन आठवड्यांनी, दुपारची वेळ, पोरगी झोपलेली अन् मला तो खड्डा दिसला. सासूबाई म्हणाल्या, "देवी तं गेली, आता साधी सर्दी आहे." हे म्हणाले, "संध्याकाळी बघू." मी सिस्टरना फोन लावला, दोनदा चुकीचाच लागला. त्या एवढंच म्हणाल्या, "तुनी पोर शे ना? मंग निघ." मी केळीच्या टेम्पोत बसून निघाली, पायात चप्पल नव्हती ते जळगावला कळलं. न्युमोनिया होता. अकरा दिवस ती नळीवर श्वास घेत होती, अन् मी तिच्याबरोबर श्वास घेत होती.

परत आली तर सिस्टरची बदली झालेली, सामान बांधत होत्या. मी रडायला लागली, सुईच्या दिवशी पोरीला आत लपवलं होतं ते, वर्षभर दडवलेलं सगळं सांगायला लागली. त्यांनी हात सुद्धा थांबवला नाही. म्हणाल्या, "पोर वाचली म्हणून तू शहाणी झालीस असं समजू नको. तू घाबरलीस, एवढंच. तशीच घाबरत जा."

मग त्या धुळ्याच्या गाडीत बसल्या अन् खिडकीतून वळून सुद्धा पाहिलं नाही.

आता पोरगी चार वर्षांची आहे. पळून आली, धापा टाकायला लागली की मी हातातलं काम टाकून तिचा फ्रॉक वर करते, बरगड्या बघते. ती वैतागते. म्हणते, "आई, मी नुसती पळाली ना."