मधातून मोजलेलं अंतर

नरहर मास्तरांच्या तासाला पोरं हसायलाच येत. वर्ध्याच्या त्या शाळेत विज्ञान शिकवताना त्यांच्या जिभेला हाड नसे, आणि ज्याची टर उडे तो बिचाराही हसून घेई. न हसून सांगतो कुणाला!

सत्तावन्न साली रशियाने उपग्रह सोडला, तेव्हा मास्तरांना चेवच आला. मॅट्रिकच्या वर्गात त्यांनी गणित मांडलं: पाचशे मैल उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहाला पृथ्वी किती जोराने ओढते? अंतराच्या वर्गाने भागायचं. मास्तरांच्या गावाकडे दोन गावांमधलं अंतर शिवेपासून शिवेपर्यंत मोजत. त्याच सवयीने त्यांनी जमिनीपासूनचे पाचशे घेतले. ओढ निघाली उपग्रहाच्या जमिनीवरल्या वजनाच्या चौसष्टपट!

नालवाडीहून पायी येणारी सुधा एरवी तोंड उघडत नसे. ती उभी राहिली.

"सर, अंतर धरतीच्या मधातून मोजा लागते ना?"

"काऊन? मधात तुहा मामा बसून राह्यला का फीत धरून?"

वर्ग खदखदला. सुधा खाली बसली.

संध्याकाळी मास्तरांची बायको इंदिरा भुईवर बसून तांदूळ निवडत होती. काम झालं तशी सूप घेऊन सहज उठली. मास्तर बघतच राहिले. उंची जितकी कमी तितकी ओढ जास्त, हे त्यांचंच गणित. मग भुईला टेकलेली इंदिरा उठली कशी? ती तर भुईत रुतायला हवी! पोरीचं बरोबर होतं. पृथ्वीच्या मध्यापासून जमिनीपर्यंतच चार हजार मैल होतात. चूक कुणाचीही होते, पण त्या मामाची मास्तरांना लाज वाटली. उद्या वर्गासमोर कबूल करायचं, असं त्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुधाला फळ्यापाशी बोलावलं. "कर तुह्या रीतीनं."

तिने खडू घेतला आणि पाचशेच लिहिले.

"काल मधातून म्हणत होती ना?"

"चुकलं होतं सर. घरी बाबा रागावले, मास्तराले काऊन उलटून बोलली म्हून."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "नाई पोरी, तुहंच बरोबर होतं. मूर्ख मी."

वर्ग पुन्हा खदखदला. मास्तरांची ही नवी थट्टाच, असं सगळ्यांना वाटलं. "हसू नका!" ते ओरडले, तर हसू आणखी वाढलं. मग त्यांनी पाचशे पुसून साडेचार हजार लिहिले आणि आकडेमोड केली. ओढ वजनाच्या चार-पंचमांशाइतकी भरली. हळूहळू वर्ग गप्प झाला. मास्तर वळले. सुधा केव्हाच जागेवर जाऊन बाकावर डोकं टेकून रडत होती. फळ्याकडे एकट्या तिनेच पाहिलं नव्हतं.